डुकरापर्यंत पहिलं कोण

आमच्या बुधवारच्या सायकलटोळीत एकच कायदा आहे. एस्मेच्या डुकरापर्यंत जो पहिला पोचेल, तो पुढच्या बुधवारचा रस्ता ठरवणार. बाकी कशावरही भांडा. यावर नाही.

डुक्कर म्हणजे एस्मेची टपालपेटी. तिच्या नवऱ्यानं मरायच्या आधी जुन्या गॅस सिलेंडरला घोड्याच्या नालांचे पाय आणि पत्र्याचे कान जोडून ते बनवलं आणि ट्रकच्या चाकाच्या लोखंडी रिमवर उभं केलं. टपाल तोंडातून टाकायचं, मागून काढायचं. कार्नबी गावाच्या एक किलोमीटर अलीकडे, रस्त्याच्या कडेच्या गवतात ते उभं असतं. कुठूनही भटकून आलो तरी शेवट त्याच रस्त्यानं होतो. गुरं अडवायची लोखंडी जाळी खडखडवत ओलांडली की सगळे गप्प होतात, गिअर टकाटक पडतात आणि सगळे सुटतात. डुक्कर ओलांडलं की पुन्हा म्हातारे होतात आणि धापा टाकत लिएनच्या बेकरीत जातात.

टोळी म्हणजे तीन म्हातारे आणि मी. ग्लेनमावशी ही माझ्या आईची सगळ्यात थोरली बहीण. शाळा सोडल्यापासून मी तिच्याकडेच राहते. बार्नीनं जन्मभर मेंढ्या भादरल्या, आता माणसांना भादरतो. आणि नेव्हिल, म्हणजे नेव्ह. तो सरकारात जमीन मोजायचा. निवृत्त झाला, पण मोजायचं थांबला नाही. मी टोळीत आहे, पण शर्यतीत नाही. साठीच्या आतल्या कुणाला हिशेबात धरत नाहीत. मी त्या डुकराला तीनदा शिवून परत येऊ शकते, पण काय उपयोग!

गेले एकोणीस बुधवार नेव्हच जिंकतोय. आणि एकोणीस वेळा त्यानं एकच रस्ता निवडलाय, जुन्या रेल्वेचा. रूळ उखडून सायकलींसाठी केलेली वाट. इतकी सपाट, की मधोमध अंडं ठेवलं तरी गडगडणार नाही. जाताना डावीकडे गाई, येताना उजवीकडे त्याच गाई. मला तर त्यातल्या काहींचे स्वभावही पाठ झालेत.

सोमवारी हॉस्पिटलचं पत्र आलं. मावशीनं ते वाचलं, फ्रिजवर लावलं, मग काढून ड्रॉवरमध्ये कोंबलं.

"पुढच्या शुक्रवारी," ती म्हणाली. "नवा गुडघा."

"आणि सायकल?"

"डॉक्टर म्हणतो, चालवाल कदाचित. जागेवरची. टीव्हीसमोर."

ग्लेनमावशी टीव्हीसमोर बसतच नाही. उभ्यानं बातम्यांना शिव्या घालते आणि बंद करते.  ती बटाटे सोलायला लागली. दोन माणसांना सात बटाटे. मग म्हणाली, "एकदा सॅडलवरून खाली जायचं होतं परत."

सॅडल म्हणजे गावामागची खिंड. चढायला तास लागतो, जीव जातो. पण पलीकडे सहा किलोमीटर नुसता उतार. पायडल मारायचं नाव नाही. वळणावर वळण, आणि थेट शेली बीचच्या वाळूत.

"मग जाऊ की उद्या. आपण दोघी."

"टोळीबरोबर. बारा वर्षं त्यांच्याबरोबर चालवलीये, शेवटची काय चोरून चालवू?"

"मग सांग त्यांना!"

"नाही सांगणार. गुडघ्याचं कळलं की कीव करतील. बार्नी केक आणेल. मला केक नको. जो जिंकेल तो ठरवेल, कायदा म्हणजे कायदा. आणि टेगन, तू जर तोंड उघडलंस ना..."  पुढचं तिनं सोलायची सुरी माझ्या दिशेनं हलवून सांगितलं.

म्हणजे या बुधवारी मावशीनं जिंकायला हवं होतं. तरच पुढच्या बुधवारी सॅडल, आणि त्यानंतर दोन दिवसांनी गुडघा. दुसरा बुधवार शिल्लक नव्हता. आणि त्या गुडघ्यानं ती नेव्हला हरवणं शक्य नव्हतं.

म्हणजे, डुक्कर जागेवर असेपर्यंत शक्य नव्हतं.

नेव्ह कसा जिंकतो ते मी एकोणीस वेळा बघितलंय. तो रस्त्याकडे बघतच नाही. हँडलवरच्या मीटरकडे बघतो. रस्ता दर वेळी तोच, त्यामुळे आकडाही तोच. डुक्कर येतं तेवीस पॉइंट नऊ किलोमीटरला. नेव्ह तेवीस पॉइंट सातपर्यंत सगळ्यांच्या मागे निवांत असतो, दुसऱ्यांना दमू देतो, आणि सात पडला रे पडला की उसळतो. दोनशे मीटर. कधी एक मीटर इकडेतिकडे नाही. जमीन मोजणारा तो. डोळ्यांवर विश्वास ठेवणं त्याला अडाणीपणा वाटतो.

बुधवारी पहाटे मी कामावर, डेअरीत, वासरांना दूध पाजलं आणि तशीच एस्मेच्या रस्त्यावर गेले. डुक्कर मला वाटलं होतं त्याच्या तिप्पट जड निघालं. उचलणं सोडाच. मग दुधाचा भरलेला कॅन तिरका करून कडेवर फिरवत नेतात, तसं रिमवर तिरकं केलं आणि गोल गोल फिरवत निघाले, गावापासून उलट्या दिशेला, अडीचशे मीटर. डुकराच्या पोटात कालची दोन पाकिटं खुळखुळत होती. माझ्या तोंडातून काय काय निघत होतं ते एस्मेच्या मेलेल्या नवऱ्यानंही ऐकलं असेल.

आणि नेमकं तिथं निलगिरीचं मोठं झाड आहे. त्यावर मॅगपायचं घरटं.

सप्टेंबर-ऑक्टोबरात हा काळापांढरा पक्षी वेडा होतो, पिल्लांपायी. मागून येऊन कानाला चोच मारतो. म्हणून आम्ही सगळे हेल्मेटमध्ये प्लास्टिकच्या लांब पट्ट्या उभ्या खोचतो, साळिंदरासारख्या. नेव्हच्या पट्ट्या सारख्या अंतरावर आहेत, हे सांगायला नको. दुसऱ्यांना हा मॅगपाय एकदा हूल देऊन सोडतो. मला नाही सोडत. मॅगपाय चेहरा विसरत नाही, आणि दोन वर्षांपूर्वी मी त्याला सँडविच फेकून मारलं होतं. चुकून लागलंही होतं.

त्या पहाटे एका हातानं डुक्कर आणि एका हातानं मॅगपाय, असं मी शेवटचे पन्नास मीटर काढले. डुक्कर गवतात उभं केलं, थोडं वाकडं झालं, पण नंतर सरळ करायचंच होतं ते. घरी जाऊन आंघोळ केली आणि सज्जन माणसासारखी टोस्ट खात बसले.

"केसांत पीस आहे," मावशी म्हणाली.

"वासरांचं," मी म्हटलं.

"वासरांना पिसं?" असं विचारून ती हेल्मेट शोधायला गेली. मी पीस कचऱ्यात टाकलं.

साडेआठला निघालो. डावीकडे गाई. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं, आणि जुन्या स्टेशनच्या फलाटापाशी वाटेवर आडवा साप पडलेला. टायगर स्नेक, जहाल विषारी. ऊन खात. या वाटेवर सापाला कुणी हटकत नाही. तो आधी आला, तो आधी जाणार. आम्ही चौघं सायकली धरून उभे.

"एक मीटर दहा," नेव्ह म्हणाला.

"जवळ जाऊन खात्री कर ना," बार्नी म्हणाला. "शेपूट मी धरतो."

"शेपूट कोणतंही गाढव धरेल."

"म्हणूनच मी म्हणालो, मी धरतो."

मी घड्याळ बघितलं. दहाला टपालवाला येतो. डुक्कर भलत्या जागी दिसलं की तो एस्मेला हाक मारणार, मग दोघं मिळून ते परत नेणार. मी एक खडा उचलला.

"टेगन!" मावशी ओरडली. "खाली ठेव तो. तुला घाई कसली? आज कुठं बोलावलंय का?"

"भूक लागलीये!"

"मघाशी चार टोस्ट खाल्लेस."

वीस मिनिटं. वीस! मग सापानं अंग ओढलं आणि फलाटाखाली गेला, जसं काही त्याची गाडी तिथं लागली होती.

आता दुसरं काम. नेव्ह मागे राहतो ते ठीक, पण मावशी पुढे असायला हवी. बार्नीचा प्रश्न नव्हता, तो जिंकायला येतच नाही, बघायला येतो. जाळी दिसायला लागली तशी मी मावशीच्या शेजारी सायकल घेतली.

"मावशी, एक सांगू? रागवू नको."

"म्हणजे रागवण्यासारखंच आहे."

"नेव्ह म्हणत होता, ग्लेनची सायकल हल्ली फार कुरकुरते. मग म्हणाला, छे, सायकल नाही, ग्लेनच."

नेव्ह असलं काही बोलला नव्हता. नेव्ह आख्ख्या वर्षात एवढी वाक्यं बोलत नाही. पण मावशीचा जबडा आवळला. जाळीवर खडखड झाली आणि ती सुटली. गुडघा दुखत असणार, खांदा दर फेरीला एका बाजूला पडत होता. पण सुटली. बार्नी दहा हात मागे, आणि नेव्ह त्याच्याही मागे, नजर मीटरवर, चेहरा देवळातल्यासारखा शांत.

निलगिरीखाली आलो आणि मॅगपायनं मला ओळखलं.

असा आला की बार्नीनं सायकलवरच डोकं हँडलमध्ये घातलं. मला पहिली चोच हेल्मेटवर, दुसरी पट्ट्यांवर, तिसरी सरळ कानावर. मी बोंबलले. नेव्हनं मान आणखी खाली घातली, नाक मीटरला टेकलं असेल. डुक्कर त्याच्या डाव्या हाताला, तीन फुटांवर, वाकडं उभं. त्यानं बघितलंही नाही.

मावशीनं बघितलं. तिनं डुकराकडे बघितलं, मग मान वळवून माझ्याकडे, मग पुन्हा डुकराकडे. पण सायकल तोवर पुढे निघून गेली होती. पहिली ती, मग बार्नी, मग नेव्ह, मग कान धरून मी.

आणि तेवढ्यात नेव्हच्या मीटरवर सात पडला.

देवा, काय उसळला तो! सीटवरून उठून, दात आवळून, बार्नीला ओलांडून, ब्रेक लावून हळू झालेल्या मावशीला ओलांडून, मोकळ्या रस्त्यावर एकटा. दोनशे मीटर जीव काढून पळाला आणि दोन्ही हात वर केले. मग हात वरच राहिले. शेजारी नुसतं गवत. गवतात गोल पिवळा डाग, आणि डागात गांडुळं.

त्यानं सायकल थांबवली. डागाकडे बघितलं. मीटरकडे बघितलं. मीटरवर दोनदा टिचकी मारली.

"डुक्कर चुकलंय," तो म्हणाला.

बार्नी रस्त्याच्या कडेला बसला होता. हसून हसून त्याला उठता येत नव्हतं. "नेव्ह, मोजायला तू चुकला असशील रे!"

"मी चुकत नाही. डुक्कर चुकलंय."

"कायदा काय आहे?" मी म्हटलं. कान गरम झाला होता आणि डोकंही. "डुकरापर्यंत पहिलं कोण. डुकरापर्यंत! तेवीस पॉइंट नऊपर्यंत असं कुठं म्हटलंय? मावशी पहिली आली. संपलं."

"डुक्कर जिथं असतं ते डुक्कर," नेव्ह म्हणाला.

"डुक्कर जिथं आहे ते डुक्कर!"

"टेगन," मावशी म्हणाली. फक्त एवढंच.

तेवढ्यात एस्मेचा पिकअप फाटकातून बाहेर आला. खिडकीची काच खाली झाली. "झालं तुमचं? नेऊ का माझं डुक्कर परत?" मग माझ्याकडे बोट. "पहाटे चहा करत होते. बघते तर ही पोरगी डुकराला मिठी मारून रस्त्यानं चाललीये. म्हटलं, चोरी. मग म्हटलं, करू दे बाई, म्हातारपणी मला तेवढीच करमणूक. तर अडीचशे मीटरवर ठेवलं आणि गेली निघून! इतका बावळट चोर मी जन्मात नाही पाहिला."

आम्ही चौघांनी ते डुक्कर पिकअपमध्ये चढवलं. नेव्हनं ते पिवळ्या डागावर परत ठेवलं, दोनदा सरकवून, अगदी बरोब्बर.  बार्नीचे खांदे अजून हलत होते.

बेकरीत लिएननं चार व्हॅनिला स्लाइस आणि चहाची किटली आणून ठेवली. आमची तोंडं बघून म्हणाली, "भांडायचं तर भांडा, पण पापुद्रे जमिनीवर पाडायचे नाहीत. आत्ताच झाडलंय."

मावशीनं चहा ओतला. "नेव्ह जिंकला," ती म्हणाली. "पुढचा रस्ता त्याचा. आणि ही पोरगी माफी मागेल."

"नाही मागणार!"

"टेगन."

"नाही म्हणजे नाही! एकोणीस बुधवार तो त्या कंटाळवाण्या वाटेवरून फिरवतोय, मला गाईंचे स्वभाव पाठ झालेत, आणि पुढच्या शुक्रवारी तुझा गुडघा कापणार, मग टीव्हीसमोरची सायकल, आणि तुला एकदा, फक्त एकदा सॅडलवरून..."

तोंडातून निघून गेलं. थांबवायला गेले तोवर टेबलावर पडलं होतं सगळं.

 लिएन फडकं हातात धरून उभी. मावशी माझ्याकडे बघत नव्हती, खिडकीबाहेर बघत होती, आणि तिची मान लाल झाली होती. ती रागावली की ओरडते. मान लाल होते ते काहीतरी वेगळंच असतं.

"मी केक आणणार होतो असं नाही," बार्नी हळूच म्हणाला.

"आणला असतास," मावशी म्हणाली.

"हो, आणला असता."

नेव्हनं स्लाइसचे काट्यानं सारखे चार तुकडे केले. एकही खाल्ला नाही. मग माझ्याशी बोलला. माझ्याशीच, बाकी कुणाकडे न बघता.

"चार वर्षांपूर्वी मी सॅडलवरून पडलो. तिसऱ्या वळणावर. हँडलवरून उडालो. हाड जुळलं, पण उतार दिसला की अजून हात घामानं ओले होतात. ब्रेक निसटतो. म्हणून रेल्वेची वाट." त्यानं एक घोट घेतला. "या दोघांना माहीत आहे. म्हणून कुणी विचारत नाही."

मी मावशीकडे बघितलं. ती अजून खिडकीबाहेरच बघत होती. तर ही कीव तिला स्वतःसाठी नको होती, पण त्याच्यासाठी चार वर्षं गपचूप करत होती. मला इतका राग आला, आणि कुणावर ते कळेना. मी स्लाइसचा मोठा घास घेतला. पापुद्रे सगळे जमिनीवर.

"जिंकलेला रस्ता ठरवतो ना?" नेव्ह म्हणाला.

"जिंकलेला ठरवतो," बार्नी म्हणाला.

"सॅडल."

"नेव्ह, अरे वेडा आहेस का तू?" मावशी वळली.

"कायदा म्हणजे कायदा. पण दोन अटी. मी सगळ्यात मागून येणार, माझ्या गतीनं. आणि ही," काटा माझ्याकडे, "माझ्या मागून येणार. मला ओलांडायचं नाही. शेवटपर्यंत."

"सहा किलोमीटर?" मी म्हटलं. "सॅडलचे? तुझ्या मागून?"

"सहा पॉइंट दोन," नेव्ह म्हणाला.

पुढच्या बुधवारी वर पोचायला सव्वा तास लागला. मावशी दोनदा उतरली. दुसऱ्यांदा मी तिची सायकल धरायला गेले तर तिनं हातावर फटका मारला, म्हणजे ठीक होती. खिंडीत वारा असा की बोललेलं मागं उडून जात होतं. खाली समुद्र, निळा, बशीत सांडल्यासारखा.

मावशीनं हेल्मेटचा पट्टा घट्ट केला. आमच्या कुणाकडे बघितलंही नाही. पाय उचलला आणि गेली. ब्रेक? कसला ब्रेक! पहिल्या वळणाला आडवी झाली, आणि दिसेनाशी. बार्नी तिच्या मागे, "ग्लेन, थांब, माझं आयुष्य अजून बाकी आहे!" असं ओरडत.

मग आम्ही. नेव्ह, आणि त्याच्या मागे मी.

दोन्ही ब्रेक दाबलेले. चाकं किंचाळत होती. एवढ्या हळू सायकल चालवणं ही कला आहे, मी सांगते. दोनदा मला पाय टेकावा लागला. एक आख्खी मेंढी आम्हाला ओलांडून गेली, गवत खात खात. त्याचे खांदे कानापर्यंत चढलेले आणि बोटं पांढरी. हँडलवर मीटर नव्हता. सकाळीच काढून खिशात टाकला होता त्यानं. आकडे बघितले की जास्त भीती वाटते, म्हणाला.

तिसरं वळण आलं तसा तो जवळजवळ थांबला.

"किती राहिली?" मागे न बघता विचारलं त्यानं. "वळणं?"

मी मोजली होती. अकरा.

"दोन," मी म्हटलं.

खालून, कुठल्यातरी वळणापलीकडून, मावशीचा आवाज आला. शब्द नव्हते. नुसती आरोळी, लांबलचक, पोरांसारखी. वाऱ्यानं ती अर्धवट कापली, आणि मग पुन्हा, आणखी खालून. बघायला मिळालं असतं तर मी माझा दुसरा कानही त्या मॅगपायला दिला असता. पण समोर फक्त नेव्हची पाठ आणि सारख्या अंतरावरच्या पट्ट्या.

आम्ही तिसरं वळण उतरलो. मग चौथं. मग पाचवं.

"तू मघाशी दोन म्हणालीस," नेव्ह म्हणाला.

"हो. ही ती दोन नाहीत. पुढची दोन."

 थोड्या वेळानं चाकांचं किंचाळणं कमी झालं. मी बघितलं, त्यानं मागचा ब्रेक सोडला होता. पूर्ण नाही. बोटभर.

"आता किती?"

"दोन," मी म्हटलं, आणि गिअर एक वर टाकला.